पळून गेलेल्या पोरी

१

नवरात्राच्या पाचव्या माळेला अपेक्षा पळून गेली, असं आमच्या वाडीनं संध्याकाळच्या चहाच्या आत ठरवून टाकलं. पुरावा काय, तर तिच्या भावाच्या, राजूदादाच्या मोबाइलवर आलेला मेसेज. त्यानं तो वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि पौडहून कॉलेज सुटून येणाऱ्या जीपमध्ये आम्ही सगळ्यांनी तो एकदमच वाचला. 'मी माझ्या मर्जीने जात आहे. माझा शोध घेऊ नका.' वर नंबर अपेक्षाचाच.

जीपमध्ये खालच्या आळीतल्या दोन बायका होत्या. त्या गप्प बसत्या तर देव पावला असता. एक म्हणाली, गेल्या साली जया, आता ही, वाडीला कीडच लागली. दुसरीनं अपेक्षाच्या घरातल्या भाडेकरूचं नाव घेतलं. मग दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी अपेक्षाची जिवाभावाची मैत्रीण, वर भाऊकीतली बहीण. मला ठाऊक असणारच, अशी त्यांची खात्री होती.

मला काही ठाऊक नव्हतं. त्याचाच मला राग आला होता. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो होतो. तिला बीएस्सी नर्सिंगला जायचं होतं आणि मला कुठंही, फक्त वाडीबाहेर. पळून जायचा बेत असता तर तिनं मला त्यात धरलंच असतं.

जीपमधून उतरून मी तडक तिच्या घरी गेले. भैरूकाका, म्हणजे तिचे वडील, ओट्यावर मान खाली घालून बसले होते. आत तुळजाकाकू भिंतीला टेकून बसलेली. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. देवघराचा पडदा पार ओढून घेतलेला होता. पोरगी पळून गेल्यावर देवालाही तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं मला तेव्हा वाटलं.

मी अपेक्षाच्या खोलीत गेले. कपाट उघडं, दोन ड्रेस कमी, कॉलेजची सॅक नाही. सगळं पळून गेल्यासारखंच होतं. आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीत, फण्यांच्या डब्याशेजारी, तिचा दम्याचा निळा पंप होता.

अपेक्षा पंपाशिवाय परसाकडेही जात नसे.

२

मी तुळजाकाकूला पंपाचं विचारलं. ती काही बोलायच्या आत राजूदादा दारातून म्हणाला, तिनं नवा घेतला असंल. हे तो इतक्या पटकन म्हणाला की मला पुढं काही विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौकीवर गेले. तिथं गौतमी मॅडम होत्या, जुन्नरकडच्या, नव्यानंच बदलून आलेल्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हे आधी सांगते, कारण बाकीच्यांनी ऐकतोय असं दाखवलंही नाही. पण मुलगी अठरा पूर्ण, घरच्यांची तक्रार नाही, वर तिचा स्वतःचा मेसेज. पंप नवा विकत मिळतो, असं त्याही म्हणाल्या. जाताना मात्र स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाल्या, नुसतं वाटतंय असं नको, ज्याला दुसरं उत्तरच नाही असं काही सापडलं तर ये.

आता आमच्या वाडीचं थोडं सांगते. भुकूमच्या पुढं, रस्त्यापासून आत. वरच्या आळीत आमची भाऊकी, म्हणजे एकाच पणज्याची सहा-सात घरं. भैरूकाका आणि आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, चुलतभाऊ. जमिनीचे वाटे तोंडी झालेत, कागदावर सगळी एकाच गटात. माळावरचा तो गट बिल्डरला द्यायचा आणि त्यासाठी भाऊकीतल्या सगळ्यांच्या सह्या लागणार. मुलींच्या हक्कसोडीसुद्धा. हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा मी भावाला-बापाला सोडला, अशी सही. ती अठराच्या आत चालत नाही. म्हणून आमच्याकडे अलीकडे पोरींच्या वाढदिवसांची फार आतुरतेनं वाट बघतात. अपेक्षाचा श्रावणात झाला. माझा कार्तिकात होता.

आमच्या घरात तेव्हा फरशी फोडलेली होती. सगळीकडे धूळ, देव गोणपाटाखाली झाकलेले. आई म्हणाली, औंदा घट बसवायचा न्हाई, पसाऱ्यात देवीला कुटं बसवू. मला बरंच वाटलं. घट म्हणजे रोजची माळ, रोजची लवकर आंघोळ, आणि अवसेला शेतातून काळी माती आणायचं काम घरातल्या पोरींचं. दरवर्षी मी आणि अपेक्षा ती माती एकाच पाटीत आणायचो. या वर्षी अवसेला दुपारी मी तिला सांगायला गेले की मी काही येत नाही, तर तुळजाकाकू दारातूनच म्हणाली, अपी कालच मावशीकडं गेली. माळावर राजूदादाचा जेसीबी चालू होता. त्याच्या आवाजात मला तिचं बोलणं दोनदा विचारावं लागलं.

मावशी राहते पौडला. मी तिला फोन केला. अपेक्षा तिच्याकडे आलीच नव्हती.

३

तर आता संशयित. वाडीच्या मते एकच होता, निरंजन. नांदेडकडचा मुलगा, हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कामाला, भैरूकाकांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. तो नवरात्राच्या तोंडावरच खोली सोडून गेला होता. दोन अधिक दोन चार करायला वाडीला कॅलक्युलेटर लागत नाही.

मला तो भूगावात सापडला, नव्या बिल्डिंगमध्ये तिघांबरोबर. मी दारात उभी राहिले आणि सरळ विचारलं, अपेक्षा कुठं आहे. त्याचा चेहरा असा उतरला की माझा अर्धा संशय तिथंच गळून पडला. त्यानं मलाच विचारलं, मावशीकडून आली नाही का अजून? पळून गेल्याचं त्याला माहीतच नव्हतं. तो वाडीच्या ग्रुपवर नव्हता. त्याला कोण घेणार?

मी खोदून खोदून विचारलं. तो तिला फिजिक्स शिकवायचा, ओट्यावर बसून, सगळ्यांच्या देखत. पुढं काही होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, माझ्याकडून असेल, तिच्याकडून नव्हतं, तिला फक्त नर्सिंग दिसत होतं. हे सांगताना त्याला लाज वाटली. माझा त्याच्यावर विश्वास बसला.

खोली त्यानं स्वतःहून सोडली नव्हती. अवसेच्या सकाळी राजूदादानं येऊन सांगितलं, आजच्या आज रिकामी कर, घराचं काम काढायचंय. सामान राजूनंच टेंपोत भरून दिलं, अपी मावशीकडं गेलीय असंही तोच म्हणाला.

"आदल्या संध्याकाळी भांडण झालं होतं," निरंजन म्हणाला. "ती ओरडत होती, सही करणार नाही, माझ्या वाट्यावर मी शिकेन. मग टीव्ही मोठा केला त्यांनी. मी दार उघडलं नाही. माझं इथं कोण आहे, सायली? मी भाडेकरू."

तो रडेल असं मला वाटलं, पण नाही रडला. मग त्यानं एक गोष्ट सांगितली. टीव्हीच्या आवाजातही त्याला तिचा खोकला ऐकू येत होता. बराच वेळ. आणि नंतर टीव्ही तसाच चालू राहिला, पण खोकला थांबला.

४

तरी मी आशा सोडली नाही. माणूस किती वेडा असतो बघा. भांडण झालं, ती रागानं निघून गेली, जयाकडे लपली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जया खालच्या आळीतली. गेल्या साली तिनं एका ड्रायव्हरशी लग्न केलं, आता वाकडला राहते. पोट दिसायला लागलंय. मला पाहून ती इतकी आनंदली की मला कसंसंच झालं. माहेरचं माणूस असं तिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

अपेक्षा तिच्याकडे नव्हती. मी मेसेज दाखवला, पंपाचं सांगितलं, घरातली शांतता सांगितली. जया शांतता या शब्दावर अडली. तिच्या वडिलांनी काय केलं होतं ते मला आठवत होतंच. सार्वजनिक नळावर, भर सकाळी, सगळ्या बायका पाण्याला आलेल्या असताना, कपड्यांसकट तिच्या नावानं आंघोळ केली होती. 'आमची जया मेली' असं मोठ्यानं म्हणत. त्या गणपतीला त्यांनी डीजेही दुप्पट लावला.

"पळून गेलेल्या पोरीचा बाप असाच करतो," जया म्हणाली. "राग लोकांना दाखवायचा असतो गं. गप बसून कुनाला काय दिसनार? भैरूकाका का बरं गप हाय?"

बसमध्ये बसल्यावरही तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. भैरूकाका तर साधी कोंबडी हरवली तरी आळी डोक्यावर घेणारा माणूस.

५

उत्तर मिळालं ते दिवाळी उलटल्यावर, आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर. तिथं हेमलताताई भाड्यानं राहतात. मूळच्या सोलापूरच्या, नवरा-बायको दोघंही नोकरीला. फरशीची धूळ त्यांच्या जिन्यापर्यंत गेली म्हणून आईनं मला केरसुणी घेऊन पाठवलं होतं. त्यांच्या टेबलावर हळदीकुंकवाचा करंडा पडून होता. मी सहज म्हटलं, तुमचा घट मस्त उगवला होता.

ताई जरा फटकून बोलल्या. घट उगवून काय उपयोग, म्हणाल्या, तुमच्या वाडीत माणुसकीच नाही. तिसऱ्या माळेला त्यांनी वरच्या आळीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. एकही आली नाही. मग त्या स्वतःच तबक घेऊन दारोदार गेल्या. तुळजाकाकूच्या दारात गेल्या तेव्हा ती आणि तिची जाऊ, दोघी ओट्यावरच होत्या. ताईंनी कुंकू पुढं केलं तर दोघींनीही हात मागं घेतले.

"म्हणे बाजूला बसलोय," ताई म्हणाल्या. "दोघीही? एकदम? मी काय कालची आहे का?"

केरसुणी माझ्या हातात तशीच राहिली. सवाष्ण बाई दारात आलेलं कुंकू नाकारत नाही. भांडण असो, राग असो, कपाळ पुढं करतेच. बाजूला बसली असेल तर एक बसेल. एका घरातल्या दोघी, त्यातली जाऊ तर पन्नाशीच्या पुढची, तिचा तो प्रश्न मिटून वर्षं झालेली. मग कुंकू न घ्यायला, पडद्याआड देव झाकायला, नवरात्रात दिवा न लावायला आमच्याकडे एकच कारण उरतं. सुतक.

आणि हे तिसऱ्या माळेला. मेसेज आला पाचवीला.

म्हणजे मर्जीनं जायच्या आधीच अपेक्षा या जगात नव्हती. आणि तिच्या घरच्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

मी जिन्यातच बसून रडले. ताईंना वाटलं, त्यांचं बोलणं मला लागलं.

६

गौतमी मॅडमना मी चौकीबाहेर, रसवंतीच्या बाकड्यावर भेटले. एकेक गोष्ट सांगत गेले. आदल्या संध्याकाळचं भांडण, थांबलेला खोकला. अवसेला सकाळी खोली रिकामी करून घेतली, कारण मागच्या भिंतीला कान नको होते. अवसेला जेसीबी चालला, आणि अवसेला आमच्याकडे कुणी मशीनला हात लावत नाही. मावशीचं खोटं. मग सुतक. मग मेसेज, जो राजूदादानं बहिणीच्या फोनवरून स्वतःलाच पाठवला. पंप खिडकीत राहिला, कारण ज्यानं सॅक भरली त्याला मुलगी पळून चाललीय असं दाखवायचं होतं, पण दमेकरी माणसाला पळताना काय लागतं हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

मॅडम मान हलवत ऐकत होत्या. मला अभिमान वाटायला लागला होता. मैत्रीण मेल्याचं सिद्ध करताना अभिमान वाटतो, हे लिहायलाही वाईट वाटतं, पण वाटत होता.

मग मॅडमनी वकिलासारखी शंका काढली. म्हणाल्या, सुतक दुसऱ्या कुणाचं असेल. भाऊकीतलं कुणी लांबचं, मुंबईला वगैरे वारलं असेल.

मी याला तयार होते. म्हटलं, "मॅडम, भाऊकीतलं कुणी गेलं तर सुतक सगळ्या भाऊकीला लागतं. भैरूकाकांना लागलं तर आम्हालाही लागणार. एका घरात पाळायचं आणि शेजारच्या घरात नाही, असं होतच नाही."

मॅडमनी रसाचा ग्लास खाली ठेवला. मग अगदी हळू विचारलं, "सायली, तुमच्या घरी घट बसला होता का?"

७

घरी जाताना मी चालतच गेले. जीपमध्ये बसले असते तर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं.

फरशी. अवसेला कुणी घराची फरशी फोडतं? पितरांच्या पंधरवड्यात आमच्याकडे साधी खुंटी ठोकत नाहीत. आणि आण्णांनी ऐन सर्वपित्रीला सकाळी गवंडी बोलावला, देव झाकले, आणि मी, वेडी, घटाचं काम टळलं म्हणून खूश झाले.

आई परसात पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, औंदा आपल्याला सुतक होतं ना. तिनं वर पाहिलं नाही. एक शेंग सोलली, दुसरी सोलली. नाही म्हणायला तिला पुष्कळ वेळ होता. तिनं म्हटलं नाही.

"कुनी मारली न्हाई गं तिला," ती शेवटी म्हणाली. "सई करत न्हाई म्हनली. भैरूभावजींनी तिचा पंप काडून घेतला. सई कर, मंग देतो. राजूनं न्हेऊन खिडकीत ठेवला. तिला धाप लागली तर बाप-लेकाला वाटलं सोंग करतीया. तुळजा भाईरनं दार वाजवत हुती."

मी आण्णांचं विचारलं. सकाळी बोलावणं आलं तेव्हा आण्णा गेले होते. भाऊकीतले सगळेच बाप्ये गेले होते. पोलिसांत गेलो तर बाप-लेक दोघंही आत जाणार, गट अडकणार, सगळ्यांचीच जमीन त्या एका गटात. बसून ठरलं. माळावर राजूनं खड्डा घेतला. तिथं आता, सगळ्या सह्या व्हायच्या आधीच, बिल्डरनं सोसायटीच्या गेटचा काँक्रीटचा रस्ता केलाय.

"मग सुतक कशाला पाळलंत?" मी म्हटलं. "लपवायचंच होतं तर घट बसवायचे होते सगळ्यांनी. कुणाला कळलंही नसतं."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "बाप्ये तसंच म्हनत हुते. घट बसवा, सन करा. आमी बायांनी ऐकलं न्हाई. पोरीला सरन मिळालं न्हाई, तिच्यावर धड कुनी रडलं न्हाई. सुतक तरी धरावं म्हनलं. तेवढंच तिच्यासाटी करता आलं."

म्हणजे वरच्या आळीतल्या प्रत्येक घरात माहीत होतं. मी ज्यांच्याकडे ताक मागायला जाते, ज्यांनी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, त्या सगळ्यांना. मी गावभर फिरून, भूगाव-वाकड पालथं घालून जे शोधून काढलं, ते माझ्या आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तिचा तिरस्कार वाटला, आणि तिच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

"फरशी तुज्यासाटी फोडली," आई म्हणाली. "तू लई इचारतीस."

कार्तिक लागून मला अठरा पूर्ण झाली होती, आणि परवा माझी पौडला हक्कसोडीची सही होती.

८

दुसऱ्या दिवशी गौतमी मॅडम आल्या. एकट्याच. वरच्या आळीत त्यांनी घराघरात एकच प्रश्न विचारला, तुमच्याकडे घट बसला होता का. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. बसला होता की. कुणी धान किती उंच आलं तेही सांगितलं. तुळजाकाकूला विचारलं तेव्हा तिच्या जावेनं उत्तर दिलं, तुळजाकाकू नुसती बघत राहिली. हेमलताताईंनी वरून खिडकी लावून घेतली. मॅडम जिना चढून गेल्या तर म्हणाल्या, आम्ही भाडेकरू, आम्हाला काही आठवत नाही.

शेवटी आमचं घर. ओट्यावर आण्णा, शेजारी राजूदादा येऊन बसलेला, आत आई. मॅडमनी विचारलं आणि आई म्हणाली, "बसलावता."

मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला विचारलंच नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्याही तोंडावर दिसत होतं.

"नाही बसला," मी म्हटलं. "आम्हाला सुतक होतं. अपेक्षाचं."

आण्णा उठले, चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता माळाच्या बाजूला निघून गेले. राजूदादा रागावलाही नाही. त्यानं फक्त आत तोंड करून आईला विचारलं, "काकू, सायलीची सई उद्याच हाय ना?" इतक्या साध्या आवाजात, जणू गॅसची टाकी कधी येणार ते विचारतोय.

मॅडमबरोबर मी रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. म्हणाल्या, वर पाठवते, खोदायची परवानगी मागते, पण खोटी आशा देत नाही. एक मुलगी म्हणते सुतक होतं, आणि तिची स्वतःची आई धरून सगळी आळी म्हणते नव्हतं. तेवढ्यावर झालेला रस्ता कुणी फोडत नाही. मग त्यांनी विचारलं, तुला इथं राहायला भीती वाटते का. मी म्हटलं, हे माझं घर आहे. त्या गाडीवर बसल्या आणि गेल्या.

दुपारी आई म्हणाली, चल भूगावला, तुला ब्लाउज शिवायला टाकू. आजपर्यंत माझा ब्लाउज तिनं कधी बाहेर शिवायला टाकला नव्हता. तिच्या हातात कापडाची पिशवी होती. पिशवी फुगलेली होती. ओट्यावर राजूदादाचा एक मित्र बसला होता, त्याला तिनं स्वतःहून सांगितलं, शिंप्याकडं चाललोय, पोरीला उद्या पौडला नीट दिसायला नको का.

भूगावच्या स्टॉपवर तिनं पिशवी माझ्या हातात दिली. आत माझे कपडे, दहावीचं सर्टिफिकेट, आणि रुमालात गुंडाळलेली तिची कर्णफुलं होती.

मी म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, मी आले तर आण्णांना भाकरी कोण टाकील. हे ती खरंच म्हणाली. मला वाटलं, ओरडून रस्ता गोळा करावा. केला नाही.

"कुटं उतरनार ते मला सांगू नको," ती म्हणाली. "मला ठावं नसलं म्हंजे तोंडातनं जायाचं न्हाई. फोनबी करू नको. सांजच्याला मी वरडीन, तुज्या नावानं बोटं मोडीन, तुला भवानी म्हनीन. सायली पळून गेली म्हनीन."

"आई, मी पळून नाही चाललेले. तू घालवतेयस मला."

"तसंच म्हनू दे मला," आई म्हणाली. "आपल्या वाडीत पळून गेलेल्या पोरीच तेवढ्या जित्या ऱ्हात्यात."

बस आली. तिनं मला पाठीवर हात ठेवून वर ढकललं, आणि लगेच वळून भाजीच्या गाडीशी गेली. बस सुटली तेव्हा ती मेथीच्या जुडीचा भाव करत होती. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही, आणि मीही हात केला नाही, कारण पलीकडच्या टपरीवर राजूदादाच्या ओळखीची पोरं उभी होती.